‘एम्ब्लेमेंट्स’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : इंग्लंडच्या जमीन कायद्यावरचा एक लेख मराठीत करतोय. ‘एम्ब्लेमेंट्स’पाशी गाडी अडलीय. जमीन एखाद्याकडे फक्त तहहयात असते. त्यानं पेरलं आणि कापणीआधी वारला, तर ते पीक त्याच्या वारसांना मिळतं, तो हा हक्क. ‘उभं पीक’ चालेल का?

उत्तर : नाही चालणार. उभं तर गवतही असतं, बांधावरचा आंबाही असतो. ते दोन्ही यात येत नाहीत. दरसाल मेहनत घालून जे काढावं लागतं तेवढंच येतं, गहू, बटाटा वगैरे. मूळ जुना फ्रेंच शब्दही धान्य पेरण्याचाच आहे. म्हणून ‘पेरल्या पिकाचा हक्क’ म्हणा. रानात ये-जा करून पीक काढून नेण्याची मोकळीकही त्यातच धरलेली असते.

शिवाय अट अशी, की जमीन कधी सुटेल हे आधी ठाऊक नसावं आणि ती आपल्याच करणीनं सुटलेली नसावी. ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडितानं १८व्या शतकात दिलेलं उदाहरण झकास आहे. विधवा असेपर्यंतच जमीन असलेल्या बाईनं पेरणी करून दुसरं लग्न केलं, तर पीक गेलं. पण तिनं ती जमीन कुळाला दिली असेल आणि पेरणी त्यानं केली असेल, तर त्याचं पीक त्यालाच. लग्न त्यानं थोडंच केलं होतं!

कोल्हापुरातून एक वकील : आपल्याकडे १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०८मध्ये, हेच तत्त्व आहे. अनिश्चित मुदतीचा भाडेपट्टा कुळाचा दोष नसताना संपला, तर त्यानं लावलेलं-पेरलेलं पीक त्याचं किंवा त्याच्या वारसांचं. मात्र कलम ११७मुळे शेतीच्या पट्ट्यांना हे आपोआप लागू होत नाही, सरकारनं अधिसूचना काढावी लागते. कुळांचं बरंचसं १९४८च्या कूळ कायद्यावर चालतं. तेव्हा लेखात इंग्लंडचा कायदा आपल्या सातबाऱ्यावर चढवू नका.

शिरोळकडचा एक ऊसवाला : ‘पेरल्या’ म्हटलं की आमचा ऊस कुठं बसवायचा? समजा, जमीन तहहयात असलेल्या म्हातारीनं आडसाली लागण केली, तोड दीड वर्षानं. ती मधेच गेली तरी लागण तिचीच, हे पटतं. पण खोडवा? तो कुणी पेरत नाही, जुन्या बुडख्यातनंच फुटतो. तरी बुडखे छाटायचे, बगला फोडायच्या, खत-पाणी द्यायचं, हे कोण करतं? गवतासारखा आपोआप येतो व्हय?

उत्तर : मुद्दा बिनतोड आहे. इंग्लंडमध्ये हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या) वेलाचं असंच झालं. मुळं वर्षानुवर्षं तीच, पण दरसाल मशागत लागते म्हणून ते पीक या हक्कात धरलं. उलट १८३३च्या एका खटल्यात बार्लीबरोबर क्लोव्हर हे चाऱ्याचं पीक पेरलं होतं. मुदत संपल्यावर बार्ली कुळाला मिळाली, पुढच्या वर्षी वाढलेलं क्लोव्हर नाही. त्या मापानं, माझ्या मते, म्हातारीनं राबून वाढवलेला खोडवा तिच्या वारसांचा. तो तुटल्यावर त्याच बुडख्यांतून येणारा निडवा मात्र जमीन ज्याच्याकडे गेली त्याचा.

ऊसवाला : मग ‘केल्या पिकाचा हक्क’ म्हणा की. आमच्यात ऊस पेरत नाहीत, ‘यंदा ऊस केलाय’ म्हणतात. खोडवासुद्धा ‘राखलाय’ किंवा ‘केलाय’च.

प्रश्नकर्ता : हेच घेतो. मथळ्यात ‘केल्या पिकाचा हक्क’, आणि पहिल्या परिच्छेदात गवत, झाडं वगळल्याचं एक वाक्य.