तळपायाच्या त्वचेतील चेतातंतूंची मोजणी: दोघांचे आकडे जुळत नाहीत

प्रश्न:
नमस्कार. पॅक्लिटॅक्सेल (कर्करोगावरील औषध) दिलेल्या रॅटमध्ये न्यूरोपॅथी (चेतातंतूंची हानी) किती झाली हे पाहण्यासाठी आम्ही मागच्या तळव्याच्या बाह्यत्वचेतील चेतातंतू मोजतो. पॅराफिनमधील ५ मायक्रोमीटर जाडीचे छेद पीजीपी ९.५ या चेतातंतूंमधील प्रथिनाच्या प्रतिपिंडाने रंगवले आहेत. एकाच छेदावर माझा आणि सहकाऱ्याचा आकडा वेगळा येतो आणि दोन गटांतील फरकही दिसत नाही. वॉन फ्रे चाचणीत (तळव्याला बारीक, लवचीक तारेने दाबून प्रतिसाद पाहणे) मात्र प्राणी स्पर्शाला अतिसंवेदनशील आहेत. त्याऐवजी चेतावहनाचा वेग मोजून भागेल का?

उत्तर १:
वेग मोजून भागणार नाही. त्या चाचणीत प्रामुख्याने जाड, मायलिनयुक्त (मेदयुक्त आवरण असलेल्या) तंतूंची स्थिती कळते; बाह्यत्वचेत शिरणारे बारीक, बहुतांशी मायलिनरहित तंतू तिच्या नजरेतून सुटतात, आणि त्यांच्यासाठीच तर त्वचा तपासायची. वॉन फ्रेच्या निष्कर्षाशी तंतूंची संख्या जुळलीच पाहिजे असेही नाही, कारण अतिसंवेदनशीलता आणि तंतूंचा ऱ्हास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उत्तर २:
माझ्या मते मूळ अडचण छेदांच्या जाडीत आहे. तंतू तिरका, वळणावळणाने वर जातो. ५ मायक्रोमीटरच्या छेदात त्याचे तुकडेच हाती लागतात आणि त्यातला कोणता बाह्यत्वचेची खालची सीमा ओलांडून आला हे ठरवता येत नाही, म्हणून दोघे दोन आकडे देतात. मानवी त्वचेसाठी २०१० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ५० मायक्रोमीटरचे छेद सुचवले आहेत. झॅम्बोनी किंवा पॅराफॉर्माल्डिहाइड-लायसिन-परआयोडेट द्रावणात स्थिरीकरण (ऊतीची रचना टिकवणे), मग सुक्रोजमध्ये ठेवून गोठवणे आणि छेद द्रावणात तरंगते ठेवून रंगवणे, ही पद्धत प्राण्यांच्या त्वचेलाही चालते.

मोजणीचा नियमही आधी लिहून ठेवा. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्यामधली सीमा ओलांडणारा तंतूच मोजायचा. ओलांडल्यानंतर फाटे फुटले तरी तो एकच, पण सीमेच्या खालीच फाटे फुटून ते वेगवेगळे वर आले तर प्रत्येक वेगळा. सीमेला न भिडणारा सुटा तुकडा मोजायचाच नाही. मोजलेली संख्या बाह्यत्वचेच्या प्रति मिलिमीटर लांबीने द्या. छेद नेहमी तळव्याच्या एकाच गादीतून घ्या, कारण गादीवरील आणि गाद्यांमधील त्वचा सारखी नसते.

उत्तर ३:
स्लाइडवर गटाचे नाव नको, सांकेतिक क्रमांक असावा आणि तो मोजणाऱ्याला ठाऊक नसावा. विश्लेषणात एकक प्राणी धरा. एका रॅटचे अनेक छेद म्हणजे अनेक निरीक्षणे नव्हेत, त्यांची सरासरी घ्यावी. नियंत्रण गट त्याच वयाचा हवा, कारण प्राणी वाढतो तशी तळव्याची त्वचाही पसरते आणि तंतूंची घनता बदलते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पॅराफिनचे ठोकळे आता निरुपयोगी झाले का?

उत्तर २:
घनता मोजण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका. त्वचेची रचना पाहायला ते चालतील. त्याच प्राण्यांच्या दुसऱ्या पायाची त्वचा योग्य द्रावणात राखून ठेवली असेल, तर नवे प्राणी मागण्याआधी तिचे जाड छेद घ्या.