वारकरी आश्रमातल्या मुलाची गोष्ट लिहितेय, सुचवा

अमळनेरहून: किशोरांसाठी कादंबरी लिहितेय. सोळा वर्षांचा मुलगा, मुक्ताईनगरजवळच्या आश्रमात पखवाज शिकतो. टाळ धरणाऱ्या सोबत्यावर त्याचा जीव जडतो. पखवाजाला कणीक लावताना दोघांची बोटं माखतात, एवढंच लिहून तीनदा खोडलंय. महाराजांना खलनायक करायचं नाही. मग पेच कुठून येईल?

धुळ्याहून: घरून. आई केळीच्या बागेत मजुरीला जाते, पोरगा कीर्तनकार होणार म्हणून गावभर सांगते. 2018 ला सुप्रीम कोर्टाने कलम 377 चा निकाल दिला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण तिला हे कसं सांगायचं? आणि ताई, तिच्या तोंडी अहिराणी घालू नका. तिकडे लेवा गणबोली चालते.

भुसावळहून: मी तसल्याच आश्रमात चार वर्षं काढली. काकड्याला उठलो की आधी त्याच्या अंथरुणाची घडी करायचो, मग माझ्या. कुणाला कळलं नाही, त्यालाही नाही. मुक्ताबाई रुसलेल्या भावाला ताटी उघडायला सांगते, ते अभंग म्हणताना माझा आवाज बसायचा. महाराज म्हणायचे, गूळ-पाणी घे. माणूस मायाळू होता, म्हणूनच सांगता आलं नाही.

अमळनेरहून: दादा, हाच पेच. कणकेचं खोडलेलं वाक्य परत लिहिलं. घडीचं मागू का तुमच्याकडे?

भुसावळहून: घ्या. गोधडी हिरव्या काठाची होती.