हार्झचे ‘ग्राबेन’ : पाट, कालवा की चर?

रानवाट : जर्मनीतल्या ओबरहार्झ खाणप्रदेशाच्या पाणीव्यवस्थेवरचा मजकूर मराठीत करते आहे (२०१० पासून जागतिक वारसा यादीत). डोंगराच्या कडेनं जंगलातून जाणाऱ्या अरुंद ‘ग्राबेन’ना मी ‘पाट’ लिहिलं, संपादकांनी ‘कालवा’ केलं. पाणी शेतीला नाही, खाणीची चाकं फिरवायला जायचं. काय ठेवावं?

बांधावरून : पाटच. कालवा म्हटलं की धरणाखालचा रुंद, अस्तर केलेला प्रवाह डोळ्यांसमोर येतो. हे ग्राबेन समपातळीला धरून हलक्या उतारानं नेलेत. दरीकडच्या बाजूला मातीचा बांध, त्यावर देखरेखीची पायवाट. पानं-फांद्यांनी पाट तुंबला की पाणी बांधावरून सांडतं आणि बांधच कापून नेतं. म्हणून मध्येमध्ये जादा पाणी दरीत सोडायची दारं असतात. आपला पाटकरी याहून वेगळं काय करतो?

कोशवेडा : पण पाट शेतीचा शब्द आहे. महसुली दप्तरात ‘पाटस्थळ’ म्हणजे पाटाच्या पाण्यावर भिजणारी जमीन. ‘कालवा’ला असा हेतू चिकटलेला नाही. शिवाय मूळ संस्कृत ‘कुल्या’.

सीमाभाग : कानडीत ‘कालुवे’ आजही रोजचा शब्द आहे. तो सोडून कुल्येपर्यंत कशाला जायचं?

रानवाट : आणि ‘श्ट्रीगेल’? तळ्याच्या तळातून पाणी सोडायची लाकडी यंत्रणा.

बांधावरून : ‘मोरी’. बांधाच्या पोटात पोखरलेल्या ओंडक्यांचा नळ, त्याच्या तोंडावर लाकडी बूच, बुचाला वरपर्यंत दांडा. दांडा उचलला की पाणी सुटतं. लाकूड सतत पाण्याखाली राहिलं तर कुजत नाही, हवा लागली की संपलं.

कोशवेडा : मोरी फारसी, बूच पोर्तुगीज. ‘विमोचक’ हा घडवलेला शब्द आहे ना?

बांधावरून : आहे, पण विमोचक बांधकाम खात्याच्या कागदावर. तळ्यावर उभा असलेला माणूस मोरीच म्हणतो. परका असला तरी शब्द मुरला आहे.

दगडमाती : मोरीची जागा महत्त्वाची, तीही लिहा. जुन्या बांधांत गवताच्या ढेपांचा पाझररोधक थर पाण्याच्या अंगाला असे. लाटा आणि ऊन त्याला खात, आणि दुरुस्तीसाठी तळं रिकामं करावं लागे. अठराव्या शतकात तो थर बांधाच्या मध्यात गेला आणि मोरीचा दांडाही तिथल्या विहिरीत आला. ओडरटाइशला (‘टाइश’ म्हणजे तळं; बांधकाम १७१५–२२) तर गवताच्या ढेपांऐवजी ग्रॅनाइटचा भुगा वापरला. तिथे साधारण १७ लाख घनमीटर पाणी मावतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जर्मनीतला सगळ्यात मोठा बांध तोच. त्याला नुसतं ‘तळं’ म्हणणं मला पटत नाही.

सीमाभाग : मग श्पेरबरहायर डामला काय म्हणणार? १७३२–३४ मध्ये खिंडीवर घातलेला साडेनऊशे मीटरांचा मातीचा भराव, आणि त्याच्या माथ्यावरून पाणी जातं.

कोशवेडा : जलसेतू.

दगडमाती : सेतूला कमानी हव्यात. हा मातीचा भराव आहे, ‘पाटबांध’ म्हणा.

कोशवेडा : पाटबंधारे खात्याशी गल्लत होईल.

दगडमाती : ‘केरराड’चं तर अजून कुणी विचारलंच नाही. एकाच चाकावर परस्परविरुद्ध तोंडांच्या पन्हाळ्यांच्या दोन रांगा. पाणी एका रांगेवर सोडलं की खाणीतला पोहरा वर, दुसऱ्या रांगेवर सोडलं की खाली. पाणी उपसणारं चाक मात्र एकाच दिशेनं फिरतं. दोन्हींना ‘पाणचक्की’ लिहिलं तर खाणीचं काम कुणाला कळणार नाही.

सीमाभाग : केरराडला ‘उलटं चाक’?

कोशवेडा : ‘द्विगामी’.