रॅमची एक स्टिक की दोन?

पीसीसाठी रॅम कशी घ्यावी, असं धागाकर्त्याने विचारलंय. त्यावर वर कुणीतरी दिलेला ‘आत्ता १६ जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी) घ्या, दुसरी पुढे टाकता येईल’ हा सल्ला नुसतं गेमिंग असेल तर एक वेळ चालून जाईल. पण त्याला फोर-के व्हिडिओ एडिटिंगही करायचंय, तिथे हा सल्ला मला पटत नाही. एकाच स्टिकवर मेमरी सिंगल चॅनलमध्ये (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोनपैकी एकाच वाटेने) चालते, म्हणजे बँडविड्थ (डेटा ने-आण करायची क्षमता) निम्मी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फटका आणखी मोठा, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं. १६-१६ च्या दोन घ्या, त्याही एकाच पॅकमधल्या.

माझा अनुभव सांगतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून पार्ट घेऊन पीसी जोडून आणला, तर जोडणाऱ्या पठ्ठ्याने दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी खोचलेल्या! रॅमचे चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डावर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो, म्हणजे दोन्ही चॅनल वापरले जातात. शिवाय बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवायची सोय, सुरूच केलेलं नव्हतं (एएमडीच्या बोर्डावर यालाच एक्स्पो म्हणतात). ६००० वेगाच्या डीडीआर-५ रॅमचे पैसे मोजून महिनाभर ती ४८०० वर चालवली. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग सहज बघितला तेव्हा कुठे उजेड पडला. आणि हो, चारही स्लॉट भरू नका. डीडीआर-५ मध्ये चार स्टिक लावल्या की वेग बहुधा खालीच आणावा लागतो.