एका हेडरवरून चौदा वर्षांची कारकीर्द मोजावी का? (विषय : पाओलो मालदिनी)

कॉलेजरोडकर (नाशिक) यांचा प्रश्न :

नमस्कार. माझा तेरा वर्षांचा भाचा रोज सकाळी महात्मानगरच्या मैदानावर फुटबॉलच्या सरावाला जातो. आजवर तो पुढच्या फळीत खेळत असे. गेल्या महिन्यात प्रशिक्षकांनी त्याला डाव्या बॅकच्या, म्हणजे बचावफळीत डाव्या कडेच्या, जागी उभे केले, आणि तो उजव्या पायाचा असल्यामुळे ही आपल्याला झालेली शिक्षाच आहे, अशी त्याची ठाम समजूत झाली आहे. त्याचा रुसवा काढावा म्हणून मी त्याला इटलीचा बचावपटू पाओलो मालदिनी याच्याविषयी सांगितले. इटलीकडून १९८८ ते २००२ या काळात १२६ सामने, त्यांपैकी ७४ सामन्यांत कर्णधारपद, आणि मूळचा उजव्या पायाचा असूनही डाव्या बाजूला घालवलेली उमेदीची वर्षे, असे सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले.

दोन दिवसांनी चिरंजीव मोबाईल घेऊन आले. "मामा, तुमच्या मालदिनीने इटलीसाठी एकही करंडक जिंकलेला नाही. आणि हे बघा," असे म्हणून त्याने २००२च्या विश्वचषकातील दक्षिण कोरियाविरुद्धच्या गोलाची पंधरा सेकंदांची चित्रफीत दाखवली. आन जुंग-ह्वान मालदिनीपेक्षा उंच उडी घेऊन चेंडू डोक्याने जाळ्यात धाडतो आणि इटली स्पर्धेबाहेर जाते. मालदिनीचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना.

मला उत्तर सुचले नाही, याचे एक कारण असे की तो गोल मी स्वतः तेव्हा पाहिलाच नव्हता. १८ जून २००२ रोजी आपल्याकडे सामना संध्याकाळी पाचला सुरू झाला. गंगापूर रोडला मित्राकडे आम्ही सात-आठ जण जमलो होतो, बाहेर पाऊस होता आणि जादा वेळेत नेमकी वीज गेली. ती आली तेव्हा सामना संपला होता. माझा प्रश्न एवढाच आहे की बचावपटूची कारकीर्द नेमकी कशावरून मोजायची? करंडकांवरून मोजायची, तर भाचा बरोबर आहे.

स्टॉपर_७६ यांचा प्रतिसाद :

आपल्या भाच्याने पाहिलेले पंधरा सेकंद खरे आहेत, पण त्याआधीची सुमारे एकशे सोळा मिनिटेही पाहावीत. त्या दिवशी मधल्या बचावाची इटलीची नेहमीची जोडी मैदानात नव्हती, कारण नेस्ता जखमी होता आणि कॅनाव्हारोवर बंदी होती. म्हणून मालदिनीला मध्यभागी, युलियानोच्या जोडीला खेळावे लागले. पाचव्याच मिनिटाला कोरियाला पेनल्टी मिळाली आणि गोलरक्षक बुफॉनने ती अडवली. ती मारणाराही आनच होता. अठराव्या मिनिटाला व्हिएरीने हेडरने इटलीला आघाडी मिळवून दिली. मग अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पॅनुचीला चेंडू नीट दूर करता आला नाही आणि सेओल की-ह्यॉनने बरोबरी साधली. जादा वेळेत तोत्तीला दुसरे पिवळे कार्ड मिळून तो बाहेर गेला, आणि टोमासीने मारलेला गोल पंच बायरन मोरेनो यांनी ऑफसाइड ठरवला.

एकशे सतराव्या मिनिटाला ली यंग-प्योने डावीकडून चेंडू आत टाकला तेव्हा चौतिसाव्या वाढदिवसाला आठ दिवस उरलेला हा माणूस दहा खेळाडूंच्या संघात दोन तास धावून झालेला होता. तो चेंडूकडे पाहत राहिला आणि आनने त्याच्या मागून उडी घेतली. चूक मालदिनीचीच आहे, हे मी नाकारत नाही. चेंडू डोक्यावरून येत असताना मागच्या माणसाला हाताने, खांद्याने जाणवत ठेवायचे असते, हे आम्ही मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. परंतु पुढच्या फळीतल्या खेळाडूने दहा संधी दवडून अकरावी साधली, तर आपण त्या अकरावीची चित्रफीत जपून ठेवतो, आणि बचावपटूने दहा चेंडू तोडून अकरावा सोडला, तरी आपण अकराव्याचीच जपून ठेवतो. व्हिएरीने त्या सामन्यात शेवटच्या क्षणी सोन्यासारखी संधी घालवली होती, ती तुमच्या भाच्याला कुणी पाठवली नसेल.

जमाखर्च यांचा प्रतिसाद :

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे आकडे मांडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मालदिनीच्या चार विश्वचषकांत इटलीने एकूण २३ सामने खेळले : १९९०मध्ये सात, १९९४मध्ये सात, १९९८मध्ये पाच आणि २००२मध्ये चार. मालदिनीच्या नावावरही विश्वचषकाचे २३ सामनेच आहेत, म्हणजे एकही सामना सुटलेला नाही. आता मिनिटे पाहू. २३ गुणिले ९० म्हणजे २०७०. त्यात १९९०ची अर्जेंटिनाविरुद्धची उपांत्य लढत, १९९४ची नायजेरियाविरुद्धची लढत व अंतिम सामना, आणि १९९८ची फ्रान्सविरुद्धची लढत, अशा चार सामन्यांची प्रत्येकी तीस जादा मिनिटे मिळवा. वर कोरियाविरुद्धची सत्तावीस. बेरीज २२१७ होते. विश्वचषकात सर्वाधिक वेळ खेळल्याचा त्याचा जो विक्रम लिओनेल मेस्सीने २०२२च्या अंतिम सामन्यात मोडला, तो याच आकड्याचा होता. याचा अर्थ असा की बारा वर्षांत चार स्पर्धांमध्ये इटली जितका वेळ मैदानावर होती, तितका सगळा वेळ हा गृहस्थही मैदानावर होता. १९९४मध्ये नॉर्वेविरुद्ध गोलरक्षक पाल्युकाला लाल कार्ड मिळाले, बचावपटू बारेसी गुडघा धरून बाहेर गेला, बदली खेळाडू संपले, तेव्हा मालदिनी लंगडत खेळला, पण बाहेर आला नाही.

आता करंडकांच्या रकान्याकडे येतो. १९९०, १९९४ आणि १९९८ या तिन्ही विश्वचषकांत इटली टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टींवर, बाद झाली. २०००च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन-चार मिनिटे उरली असताना इटली १-० पुढे होती. फ्रान्सच्या विल्टॉर्डने भरपाई वेळेत बरोबरी केली आणि त्रेझेगेने गोल्डन गोलवर (जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपायचा, त्या नियमाने) सामना नेला. २००२मध्ये पुन्हा गोल्डन गोल. म्हणजे मालदिनी खेळलेल्या चारही विश्वचषकांत इटलीला बाद फेरीत नव्वद मिनिटांत कुणीही हरवू शकले नाही. गोल्डन गोलचा नियम २००४मध्ये रद्द झाला, पण तोवर या माणसाची दोन स्वप्ने त्याने गिळली होती. या खात्यात शिल्लक शून्य दिसते, हे मान्य. उलाढाल मात्र पाहावी.

दुसरी_बाजू यांचा प्रतिसाद :

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून मला वाटू लागले आहे की आपण मालदिनीला फक्त दुर्दैवी ठरवून मोकळे होत आहोत. तेवढे सरळ नाही. २०००च्या युरोत नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या टायब्रेकरमध्ये त्याची पेनल्टी व्हॅन डर सारने अडवली होती. तो सामना इटलीने जिंकला, तो गोलरक्षक टोल्डोच्या कृपेने. शिवाय २००२मध्ये तो थांबला आणि २००६मध्ये कॅनाव्हारोच्या नेतृत्वाखालील इटलीने त्याच्याशिवाय विश्वचषक जिंकला. १२६ सामन्यांचा त्याचा विक्रमही पुढे कॅनाव्हारोने आणि नंतर बुफॉनने मागे टाकला.

खरे सांगायचे तर मालदिनीचा लौकिक मिलान क्लबमुळे आहे. २० जानेवारी १९८५ रोजी उदिनेच्या मैदानावर सोळाव्या वर्षी पहिला सामना, आणि ३१ मे २००९ रोजी फ्लोरेन्समध्ये शेवटचा. मध्ये दुसऱ्या कोणत्याही क्लबचा सदरा नाही. सात वेळा लीग आणि पाच वेळा युरोपियन कप अथवा चॅम्पियन्स लीग. १९६३मध्ये वडील चेझारे यांनी मिलानचे कर्णधार म्हणून वेम्बलीवर युरोपियन कप उचलला, आणि बरोबर चाळीस वर्षांनी, पुन्हा इंग्लंडमध्येच, मँचेस्टरला मुलाने तोच उचलला. भाच्याला करंडकच दाखवायचे असतील, तर ते तिथे आहेत. तरीही मिलान शहरातल्या, घरच्या मैदानावरच्या त्याच्या अखेरच्या सामन्यात स्वतःच्याच कट्टर समर्थकांपैकी काहींनी शिट्ट्या वाजवून त्याची हुर्यो केली होती, हेही मुलाला सांगावे.

स्टॉपर_७६ यांचा प्रतिसाद :

दुसरी_बाजू, क्लब आणि देश यांची आपण केलेली फोड मला पूर्ण मान्य नाही, कारण १९९४च्या उन्हाळ्यात ती फोड करताच येत नाही. १८ मे रोजी अथेन्सला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बारेसी आणि कोस्ताकुर्ता या दोघांवरही बंदी होती. मालदिनीने डावी बाजू सोडून मध्यभाग सांभाळला आणि मिलानने बार्सिलोनाचा ४-० असा फडशा पाडला. बरोबर दोन महिन्यांनी, १७ जुलैला, पॅसाडेनाला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोस्ताकुर्ता पुन्हा बंदीमुळे बाहेर होता आणि शस्त्रक्रियेनंतर तीनच आठवड्यांत परतलेल्या बारेसीच्या शेजारी पुन्हा मालदिनीच उभा राहिला. दोन्ही सामन्यांत समोर, आधी बार्सिलोनाचा आणि मग ब्राझीलचा आघाडीपटू म्हणून, रोमारियो होता, आणि दोन्हींत मिळून त्याला खेळ चालू असताना एकही गोल करता आला नाही. पॅसाडेनाला सामना टायब्रेकरवर गेला, तेथे बारेसी, मास्सारो आणि बॅजिओ चुकले. मालदिनीवर पेनल्टी मारण्याची पाळीच आली नाही.

कॉलेजरोडकर, आता तुमच्या भाच्याच्या पायाविषयी, कारण मला तोच मूळ प्रश्न वाटतो. मिलानमध्ये उजव्या बॅकची जागा तासोत्तीची होती, म्हणून मालदिनी डावीकडे गेला. त्यालाही ती जागा आवडीने मिळालेली नव्हती. त्याने डावा पाय असा तयार केला की पुढे बघणाऱ्याला मूळ पाय कोणता, हे ओळखता येईना. उजव्या पायाच्या मुलाला डाव्या बाजूला एक फायदाही असतो. समोरचा विंगर आतल्या बाजूला कापून येऊ लागला, की आपला बळकट पाय त्याच बाजूला असतो. अडचण येते ती चेंडू मिळाल्यावर, कारण रेषेलगत पुढे पास द्यायला डावाच पाय लागतो. महात्मानगरला मैदानाच्या कडेला भिंत असेल, तर रोज शंभर वेळा डाव्या पायाने चेंडू भिंतीवर मारून तोच परत डाव्याने अडवायला सांगा. पहिले दोन आठवडे चेंडू भिंतीपेक्षा शेजारच्यांच्या अंगणात जास्त जातो, असा माझा अनुभव आहे.

कॉलेजरोडकर यांचा प्रतिसाद :

सर्वांचे मनापासून आभार. जमाखर्च यांची बेरीज मी भाच्याला कागदावर करायला लावली. २२१७ आकडा आल्यावर त्याने मोबाईलवर पडताळून पाहिला, कारण मामाच्या गणितावर त्याचा विश्वास नाही. दुसरी_बाजू यांनी सांगितलेली शिट्ट्यांची हकिगत त्याला सर्वांत अधिक लागली. आपल्याच लोकांनी असे का केले, हे तो दोन वेळा विचारून गेला आणि मला धड सांगता आले नाही. मालदिनीचा मुलगा डॅनियल २०२४च्या ऑक्टोबरमध्ये इटलीकडून पहिला सामना खेळला, आणि तोही उदिनेलाच, हे त्याने स्वतः शोधून मला सांगितले. डॅनियल पुढच्या फळीत खेळतो, हे सांगताना मात्र त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिले.

रविवारी आम्ही दोघांनी कोरियाविरुद्धचा तो सामना पहिल्या मिनिटापासून पाहिला. माझी तेवीस वर्षांहून अधिक काळ राहून गेलेली शेवटची मिनिटे एकदाची पाहून झाली. भिंतीवरचा सरावही सुरू आहे आणि शेजारच्या अंगणाचा अंदाज अचूक ठरला आहे. मालदिनीविषयी तो आता काही बोलत नाही. त्याची नवी तक्रार पॅनुचीबद्दल आहे. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला तो चेंडू सरळ बाहेर का मारला नाही, याचे उत्तर कुणाकडे असल्यास कृपया कळवावे.