अरुणाचलला एप्रिलमध्येच पाऊस कसा काय?

रानवेडा: एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भालुकपाँग, दिरांग, तवांग आणि मग पासीघाट असं ठरवतोय, आई सोबत आहे. मला वाटलं पावसाळा जूनमध्ये म्हणजे एप्रिल कोरडा, पण जो तो सांगतोय रेनकोट घ्या आणि जाड जॅकेट पण घ्या. एकाच ट्रिपमध्ये दोन्ही कशाला?

घाटमाथा: आपला जूनचा हिशोब तिकडे लावू नका. तिकडे मार्चपासूनच गडगडाटी पाऊस सुरू होतो, बंगालच्या उपसागरावरची ओल आसामच्या मैदानावरून येते आणि समोर एकदम हिमालयच उभा, मग ती वर चढते आणि तिथेच कोसळते. पासीघाट अगदी पायथ्याला, म्हणून तिथे धो धो. दिरांगची दरी मात्र डोंगररांगेच्या आड आहे, तिथे त्या मानाने कमी, म्हणजे महाबळेश्वर ओलं आणि वाई कोरडी तसंच.

सुईपर्णी: जॅकेटचं कारण उंची. भालुकपाँग साधारण 200 मीटरवर, तवांगच्या वाटेवरची सेला खिंड 4,170 च्या आसपास, आणि हजार मीटर चढलं की पारा सहाएक अंश उतरतो, आता तुम्हीच करा हिशोब. मी गेले तेव्हा खाली घामाने कुर्ता पाठीला चिकटलेला आणि तिसऱ्या दिवशी सेलाचा तलाव काठापासून गोठलेला, बोटं इतकी बधिर की जॅकेटची चेन लागेना! रस्त्यात खिडकीतून बघत राहा हो, आधी रानकेळी, वेत, बांबू, मग ओक, मग पाइन, वर ऱ्होडोडेंड्रॉन आणि शेवटी नुसतं खुरटं गवत. इतकं जंगल एका रस्त्यावर मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. आईंना दिरांगला दोन रात्री राहू द्या, एकदम वर नेऊ नका. 2024 मध्ये सेलाचा बोगदा सुरू झालाय, खिंडीत बर्फ असला तरी अडकून पडायची भीती कमी.

घाटमाथा: आणि पासीघाटचा परत विचार करा. नकाशावर तवांगहून नुसतं पूर्वेला सरकायचं वाटतं, पण कामेंग, सुबनसिरी, सियांग या नद्या सगळ्या उत्तरेकडून दक्षिणेला येतात, मध्ये एकेक उंच रांग, त्यामुळे सरळ मार्ग म्हणजे खाली आसामात उतरून ब्रह्मपुत्रेच्या काठाकाठाने जाऊन परत वर. त्यात पावसाने दरड आली की दिवस गेलाच, डोंगर तरुण आहे, माती धरून राहत नाही. इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलात शिरायची सरकारी परवानगी, आधीच काढून ठेवा.

रानवेडा: मग पासीघाट वेगळं, नोव्हेंबरात. दिरांगच्या दोन रात्री नक्की, आईला आत्ताच सांगतो. ऱ्होडोडेंड्रॉन एप्रिलमध्ये फुललेला असतो ना?

सुईपर्णी: हो, तेव्हाच. लालभडक.