सल्ला हवा: आईसाठी जुन्या घरात काय बदलून घ्यावं?

रानवारा:
आई सांगलीला एकटी राहते, वय ७९. घर बैठं, जुनं. दोन्ही गुडघे कुरकुरतात, ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. पुण्याला आमच्याकडे यायला तयार नाही आणि खरं सांगायचं तर तिचं तिथे छान चाललंय: शेजार, भिशी, भजनी मंडळ. व्हरांड्याला तीन पायऱ्या, संडास भारतीय पद्धतीचा, बाथरूमचं दार आत उघडणारं. दिवाळीआधी आठवडाभर जातोय. तेवढ्यात काय उरकता येईल? घरभर तोडफोड तिला सोसायची नाही.

खडीसाखर:
संडास फोडू नका. भांड्यावर ठेवायची स्टीलची कमोड खुर्ची मिळते. पायांची रबरी बुचं मात्र बघत राहा, झिजली की खुर्ची सरकते. आमच्या सासूबाई ‘घराचं हॉस्पिटल केलंत’ म्हणून कुरकुरल्या, आता कुणाला हात लावू देत नाहीत.

ओळंबा:
खुर्ची तात्पुरती ठीक. पण आठवडा हाताशी आहे आणि घर बैठं आहे, तर कमोडच बसवा. सीटसकट उंची १७-१८ इंच धरा. नेहमीचा कमोड गुडघेदुखीवाल्यांना बुटका पडतो. सिमेंट सुकेपर्यंत शेजारी सोय बघून ठेवा.

धरायचे बार स्टेनलेस स्टीलचे, सव्वा ते दीड इंच जाडीचे, म्हणजे मूठ नीट बसते. टॉवेल रॉड माणसाचं वजन घेत नाही आणि व्हॅक्यूमने चिकटणारे तर फुकट मिळाले तरी नकोत. कारागिरावर सोडलंत तर तो टाइलला भोक पाडून प्लास्टिकचा गट्टू ठोकून मोकळा होईल. समोर उभे राहा, फास्टनर (भिंतीत घट्ट रुतणारा लोखंडी बोल्ट) मागच्या विटेत गेला पाहिजे. भिंत साडेचार इंची असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडून प्लेट. झालं की स्वतः लोंबकळून बघा.

दार बाहेर उघडणारं कराच. माणूस आत पडला तर दाराला अडतो, मग बाहेरच्यांना ढकलता येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी.

रानवारा:
आणि पायऱ्यांना रॅम्प?

ओळंबा:
विसरा. इंचभर उंचीला फूटभर लांबी लागते. तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच धरले तरी १८ फूट, अंगण संपेल. दोन्ही बाजूंना कठडा लावा, शेवटच्या पायरीच्या फूटभर पुढे येईल असा.

चालतंबोलतं:
फिजिओथेरपिस्ट आहे. बार कुठे लावायचा ते टेपने ठरवू नका. कमोड बसला की काकूंना त्यावर बसवा, उठायला सांगा आणि हात आपसूक भिंतीला जिथे जातो तिथे खडूने खूण करा. पलंगही बघा: बसल्यावर पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. आणि ती सुती पायपुसणी आधी उचला! पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर दिवा हवा.

रानवारा:
आईशी बोललो. कमोड, कठडा, बार मंजूर. दार बदलायला ठाम नकार, बाबांनी करून घेतलेलं सागवानी आहे. तेच उलटं बसवता येईल का?

ओळंबा:
येईल की. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला घ्यायच्या, चौकटीला आतून पट्टी मारायची. सुताराचं एका दिवसाचं काम. खाली दार फुगलं असेल तर रंधा मारून घ्या, आणि उंबरा उंच असेल तर त्याच दिवशी गवंडी बोलवा.